चौलचा ईसा, रेवदंड्याचा येशू

येशूचं नाव आमच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी आणलं, असं सगळे धरून चालतात. मी रेवदंड्यात इतिहास शिकवण्यात हयात घालवली, आणि जन्माने कोकणी मुसलमान आहे. मला हे पटत नाही.

अल मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला आमच्या शेजारच्या चौलला येऊन गेला. तो गावाला सैमूर म्हणतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच लग्नं करून राहिलेले सुमारे 10,000 मुसलमान त्याने नोंदवलेत. राज्य राष्ट्रकूटांचं, पण मुसलमानांचे तंटे त्यांच्यातलाच एक प्रमुख सोडवायचा. इतके लोक जिथे नमाज पढत होते तिथे कुराण होतं, आणि कुराण होतं तिथे मरियमचा सूराही होता. म्हणजे पहिलं पोर्तुगीज गलबत दिसायच्या आधी जवळपास सहाशे वर्षं चौलमध्ये ईसा नबी, म्हणजे कुराणातले येशू, ठाऊक होते. माझी आजी आम्हाला बीबी मरियमची गोष्ट सांगायची. खजुराच्या झाडाखाली तिला कळा आल्या, हे मी बायबल हातात घेण्याच्या कितीतरी आधी ऐकलं होतं. बायबलात ते झाड नाही, हे कळल्यावर मला जरा चुकल्यासारखंच वाटलं.

दोन्ही येशूंची पहिली जाहीर गाठ पडली ती आमच्याकडे नव्हे, वर ठाण्याला, 1321 मध्ये. चार फ्रान्सिस्कन साधू तिथल्या एका ख्रिस्ती कुटुंबात उतरले होते. नवऱ्याने बायकोला मारलं, ती काजीकडे गेली आणि साक्षीला पाहुण्यांची नावं सांगितली. एवढ्या घरगुती भांडणातून साधू काजीपुढे उभे राहिले. मारहाण राहिली बाजूला, प्रश्न सुरू झाले ते येशू माणूस की देव यावर. पुढचा प्रश्न पैगंबरांबद्दल आला. साधूंपैकी तोलेंतिनोच्या थॉमसने जे उत्तर दिलं त्याने सगळं संपलं. चौघेही मारले गेले. काही वर्षांनी ओदोरिक नावाच्या साधूने त्यांच्या अस्थी थेट चीनला नेल्या. मार खाल्लेल्या त्या बाईचं पुढे काय झालं, याची कोणाला फिकीर दिसत नाही.

चौलला प्रचार आला तो तोफांच्या पाठोपाठ. 1508 मध्ये इथल्या पाण्यात इजिप्तच्या आरमाराशी लढाई झाली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. मग रेवदंड्याचा कोट उभा राहिला. 1570-71 चा मुर्तजा निजामशहाचा वेढा त्याने सोसला. मधल्या काळात मात्र वरच्या चौलचे मुसलमान आणि खालच्या रेवदंड्याच्या कोटातले ख्रिस्ती व्यापार करतच होते. घोडे आणि जकात यांच्यापुढे धर्म बऱ्यापैकी गप्प बसतो.

1594 मध्ये निजामशाहीने समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर किल्ला बांधला आणि तोफांचा मारा रेवदंड्यावर सुरू झाला. पोर्तुगीजांनी हल्ला चढवला. दरवाज्यातच जखमी हत्ती कोसळला, दरवाजा लागेना, आणि किल्ला पडला. सरदार फरहादखान बायको आणि मुलीसह कैद झाला. कुलाबा गॅझेटिअर पुढची हकीकत दोन वाक्यांत उरकतं: बायको खंडणी देऊन सुटली, खान आणि मुलगी ख्रिस्ती झाले, खान लवकरच मेला आणि मुलगी पोर्तुगालला गेली. वर्गात मी इथे नेहमी थांबत असे. जिला सुटायचं होतं ती सुटली. जे राहिले त्यांचा बाप्तिस्मा झाला. याला धर्मप्रचार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

विसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांबद्दल बोलण्यासारखं थोडं. एकोणिसाव्यातल्या जॉन विल्सनबद्दल मात्र बोलायला हवं. 1829 मध्ये आलेला हा स्कॉटिश माणूस बाणकोट-हर्णैच्या बाजूला राहून मराठी शिकला. तोफ नाही, कैद नाही, हातात पुस्तक. आमच्या खाड्यांच्या काठी मुसलमान घराघरांत मराठीचाच एक अवतार बोलत होते. पण 1833 मध्ये मुसलमानांशी त्याचा छापील वाद झाला तो मुंबईत, हाजी मुहम्मद हाशिम या इस्फहानच्या विद्वानाशी. विल्सनचं उत्तर निघालं हिंदुस्थानीत, गुजरातीत आणि फारसीत. विद्वानांनी विद्वानांना हरवायचं, एवढाच तो खेळ. मराठी येत असलेला हा सज्जन मिशनरी आमच्या मोहल्ल्यांवरून पुढे निघून गेला.

पोर्तुगीज 1740 मध्ये इथून गेले. कोर्लईतले ख्रिस्ती राहिले आणि आजही घरात पोर्तुगीजातून निपजलेली आपली बोली बोलतात. पाचशे वर्षांत येशूबद्दल मुसलमानांना सांगायला साधू आले, सैनिक आले, पंडित आले. तुम्हाला ठाऊक असलेला ईसा कोणता, एवढं विचारून कोणी आमच्या ओटीवर टेकला असता, तर माझ्या आजीने खजुराच्या झाडापासून सुरुवात केली असती.