भीमगड अरण्यातील गावे

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, गोव्याच्या हद्दीलगत सह्याद्रीच्या दाट जंगलात वसलेली मराठी भाषकांची दुर्गम गावे. गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव, कृष्णापूर, देगाव, मेंडील व तळेवाडी ही त्यांतील काही. पिरनवाडीहून जांबोटीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याने येथवरचा बराच पल्ला गाठता येतो. पुढे मात्र पायवाटच. आमगावचा पाऊस कर्नाटकातील सर्वाधिक पावसांत मोडतो. ओढ्यांवरचे लाकडी साकव वाहून गेले, की गावाचा संपर्क तुटतो. आजाऱ्याला मग चौघांच्या खांद्यावरून, चिखल तुडवीत, वाहन मिळेल तिथवर न्यायचे. जुलै २०२४ मध्ये आमगावच्या एका महिलेवर अशीच वेळ आली.

शिवकालीन किल्ल्याचे नाव असलेले, सुमारे १९० चौ. किमी.चे भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले. वन कायद्यांमुळे आधीच अवघड असलेले पक्के रस्ते व वीज त्यामुळे आणखी लांबणीवर पडली. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतील दुर्मिळ वटवाघळांची कीर्ती जगभर पोहोचली. शेजारच्या माणसांची दखल फार उशिरा घेतली गेली. स्थलांतरासाठी शासनाने प्रत्येक कुटुंबास १५ लाख रुपये देऊ केले. ते प्रथम तळेवाडीच्या २७ कुटुंबांनी स्वीकारले.