जिवंत पेशीतला दिवा

सीमाभागातल्या एका महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवीत असे. एकदा सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा लाल रंगवलेला पापुद्रा पाहून एका मुलीने कानडीत विचारले, "सर, ही पेशी जिवंत आहे का?" 'जिवंत' हा शब्द दोन्ही भाषांत जवळपास एकच. उत्तर मात्र 'नाही' असे होते. ती काचपट्टी कायमची टिकावी म्हणून तयार केलेली, पेशी केव्हाच मेलेल्या. आधी मारायचे, मग रंगवायचे, हीच आमची रीत. जिवंतपणी पेशी पाहता येतच नाही का? या प्रश्नाने मला पुढे बरेच वाचायला लावले.

पहिले मोठे पाऊल १८८६ सालचे. जर्मनीच्या पॉल एर्लिख यांनी जिवंत प्राण्याच्या शरीरात मेथिलीन ब्ल्यू सोडले, तेव्हा त्याच्या मज्जातंतूंनी तो निळा रंग धरला. रंग नेमकी जागा निवडतो, तर औषधालाही ती निवडता येईल, हा विचार एर्लिख यांनी पुढे नेला. १८९१ मध्ये बर्लिनला गुटमान यांच्यासह त्यांनी हाच रंग मलेरियाच्या दोन रुग्णांना औषध म्हणून दिला.

दुसरे पाऊल धातूचे. १८४४ साली रशियातील कझान येथे कार्ल क्लाउस यांनी प्लॅटिनमच्या खनिजातून रुथेनियम शोधून काढले. या धातूभोवती सेंद्रिय रेणूंचे कडे बसवले की होणारी काही संयुगे निळा प्रकाश शोषून नारिंगी-लाल प्रकाश देतात. त्यांचा गुण सांगायला दिवाळीचीच उपमा घेतो. फुलबाजी विझली तरी तार क्षणभर लाल राहते, तसे हे. पेशीची स्वतःची चमक काही अब्जांश सेकंदांत मावळते. धातूची शेकडो अब्जांश सेकंद टिकते. म्हणून दिवा मालवून, किंचित थांबून पाहिले की धातूचाच प्रकाश उरतो.

१९९० साली अमेरिकेच्या जॅकलिन बार्टन आणि फ्रान्सचे झाँ-पिएर सोव्हाज यांच्या गटांनी असे एक संयुग दाखवले, की ते पाण्यात जवळजवळ अंधारे राहते आणि डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरले की उजळते. तिथे पाण्याचे रेणू त्याला विझवू शकत नाहीत. पण जिवंत पेशीत शिरणे अवघड होते. २००९ साली इंग्लंडमधील शेफील्डच्या संशोधकांनी रुथेनियमचे दोन अणू असलेले संयुग जिवंत पेशीच्या केंद्रकात पोहोचवले, आणि तिथला डीएनए उजळला.

मात्र हा दिवा निरुपद्रवी नाही. अशी काही संयुगे प्रकाशात ऑक्सिजनला इतका तीव्र करतात की पेशीच मरते. हा दोषही कामी आला. मूत्राशयाच्या कर्करोगावर रुथेनियमच्या अशाच एका संयुगाच्या चाचण्या रुग्णांवर झाल्या आहेत. पाहण्यासाठी आणलेला रंग औषध होऊ पाहतो, ही एर्लिख यांचीच वाट.

आज ती मुलगी भेटली तर सांगेन, "हो, आता जिवंत पेशी पाहता येते. पण दिवा बेताने लाव. जिला पाहायचे, तिलाच तो जाळू शकतो."