मुलांच्या ‘का?’चं काय करायचं? घरच्या घरी तत्त्वविचाराची सुरुवात कशी होते

उन्हाळ्यात गिरणाकाठच्या भडगावात नदीचं पात्र बघा. धरणातून आवर्तन सुटलेलं नसेल, तर बहुतेक वाळू आणि दगडच दिसतात. समजा, पाच वर्षांचं मूल ते पाहून अहिराणीत विचारतं, “गिरनामा पानी नही, मंग ती नदी कशी?”

आपण काय म्हणतो? “पावसाळ्यात येतं पाणी. चल लवकर.” उत्तर चुकीचं नाही, पण विषय तिथेच संपतो. त्या मुलाने विचारलेला प्रश्न मात्र जगभरातल्या तत्त्वज्ञांनी हजारो वर्षं चघळला आहे. एखादी वस्तू बदलत गेली, तर ती तीच वस्तू राहते का?

लहान मुलांसोबत तत्त्वविचार म्हणजे काय, तो कुणाला जमतो आणि घरी कसा करायचा, हे समजून घेऊ.

तत्त्वविचार म्हणजे नेमकं काय?

मुलांचे प्रश्न ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात.

- माहितीचे प्रश्न: गिरणा कुठून येते? (नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीतून. पुढे जळगाव जिल्ह्यात ती तापीला मिळते.) हे शोधून सांगता येतं.
- कामाचे प्रश्न: बाजारात कधी जायचं? हे ठरवून सांगता येतं.
- विचाराचे प्रश्न: पाणी नसलेली नदी ही नदीच का? खोटं बोलणं नेहमीच वाईट का? मी झोपल्यावर ‘मी’ कुठे असतो? ही उत्तरं मोबाईलवर शोधून संपत नाहीत. कारणं द्यावी लागतात, ती तपासावी लागतात आणि कधी आपलं मत बदलावं लागतं.

तिसऱ्या प्रकारच्या प्रश्नावर मुलासोबत थोडा वेळ थांबणं, एवढाच याचा अर्थ. त्यासाठी पालकांनी तत्त्वज्ञान शिकलेलं असण्याची गरज नाही.

इतक्या लहान मुलांना हे जमतं?

यावर जुना वाद आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या मांडणीनुसार अमूर्त विचाराची क्षमता साधारण अकरा-बारा वर्षांच्या आसपास येते. अमेरिकन तत्त्वज्ञ गॅरेथ मॅथ्यूज यांनी १९८०च्या पुस्तकात त्याला आव्हान दिलं. त्यांनी सहाएक वर्षांच्या एका मुलाचा किस्सा सांगितला आहे. हे सगळं स्वप्न नाही कशावरून, असं त्याने वडिलांना विचारलं. वडिलांना उत्तर सुचेना. तेव्हा मुलानेच कारण दिलं, की स्वप्न असतं तर हे स्वप्न आहे का, असं आपण विचारत फिरलो नसतो. कारण पटो न पटो, पण ते कारण आहे.

त्याच काळात मॅथ्यू लिपमन या प्राध्यापकाने मुलांसाठी एक कादंबरी लिहिली. तिच्यातली शाळकरी मुलंच तर्काचे नियम शोधून काढतात. १९७४ साली न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर इथे या कामासाठी संस्था उभी राहिली आणि तिथून ही पद्धत अनेक देशांतल्या शाळांत पोहोचली.

खानदेशाला हे नवीन आहे का?

अजिबात नाही. जळगाव जिल्ह्यातल्याच अमळनेरला १९१६ साली श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आधाराने तत्त्वज्ञान मंदिर सुरू झालं. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे देशातले नामवंत तत्त्वज्ञ इथे राहून गेले. साने गुरुजीही आधी इथे अभ्यासाला होते. १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक चालवू लागले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती उतरवून घेणारेही साने गुरुजीच.

दुसरीकडे जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मन, देव, जगणं-मरणं यांवरचा विचार त्यांनी शेतात आणि जात्यावर बसून गाण्यात मांडला. म्हणजे तत्त्वविचाराला पदवी लागत नाही, याचा पुरावा घरातलाच आहे.

मग ‘संस्कार’ आणि यात फरक काय?

‘श्यामची आई’मधला एक प्रसंग अनेकांना आठवत असेल. आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो. आई आपलं लुगडं पसरते आणि पायांसारखंच मनालाही जप, असं सांगते. हा संस्कार आहे. मोठ्यांना माहीत असलेली चांगली गोष्ट मुलापर्यंत पोहोचवणं.

तत्त्वविचारात पुढचा प्रश्न येतो. ‘मन घाण होतं म्हणजे काय होतं? ते आपल्याला कळतं कसं?’ इथे आईलाही तयार उत्तर नसतं. घरात दोन्ही लागतं. आपण गोष्ट सांगून लगेच ‘तात्पर्य’ सांगतो, त्यामुळे दुसऱ्याला जागाच उरत नाही.

घरी कसं करायचं?

एक काल्पनिक संवाद पाहू.

— नदीत पाणी नाही, मग ती नदी कशी?
— तुला काय वाटतं, आता हिला काय म्हणायचं?
— वाळू.
— आपल्या अंगणातही वाळू पडलीय. तिला नदी म्हणशील?
— नाही. इथे पाणी येतं ना, पावसात.
— आणि पुन्हा कधीच आलं नाही तर?
— मग... जुनी नदी.

आईने इथे तीनच गोष्टी केल्या. आधी मुलाचं मत विचारलं. मग त्या मताला न बसणारं एक उदाहरण दिलं. शेवटी ‘असं झालं तर?’ म्हणून ते मत ताणून पाहिलं. मुलाने आपलं उत्तर दोनदा सुधारलं.

लक्षात ठेवण्यासारखं:

१. उलट प्रश्न विचारा. ‘तुला काय वाटतं?’ आणि ‘काबर?’ हे दोन पुरतात. मूल घरात अहिराणी बोलत असेल, तर अहिराणीतच विचारा. ‘तुले काय वाटस?’ विचार करायला प्रमाण भाषा लागत नाही.
२. गप्प बसा. प्रश्नानंतर मनात दहा आकडे मोजा. मुलांना वेळ लागतो.
३. पाच-दहा मिनिटं पुरेत. मूल खेळायला पळालं, की विषय संपला. प्रश्न पुन्हा येईल.
४. ‘मलाही माहीत नाही’ म्हणा. खरंच माहीत नसेल तेव्हाच.
५. मत बदललं तर शाबासकी द्या. ‘आधी तर वेगळं म्हणालास’ असा टोमणा नको.

कोणत्या वयाला कोणते प्रश्न?

- ३ ते ४ वर्षं: फरक ओळखणं. बाहुलीला खरंच भूक लागते का? सावली ही वस्तू आहे का?
- ५ ते ७ वर्षं: कारण देणं. पोळ्याला बैलाला कळतं का, की आज त्याचा सण आहे? कशावरून? दोन पोळ्या आणि तिघं जण: सारखं वाटायचं, की ज्याला जास्त भूक त्याला जास्त?
- ८ वर्षांपुढे: अपवाद शोधणं. बैलगाडीचं चाक बदललं, मग आस, मग जू. सगळंच बदललं तरी ती आजोबांचीच गाडी का? ‘मिलिंदप्रश्न’ या प्राचीन पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्यात रथावरून असाच संवाद आहे. रथ म्हणजे चाक, की आस, की आणखी काही?

अवघड प्रश्न आला तर?

खरी परीक्षा इथे असते. आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरताना मूल विचारतं, “आजोबा मेले ना, मग पाणी कसं पितील?” ‘असं बोलू नये’ म्हटलं, की मूल शिकतं की मरणाबद्दल घरात बोलायचं नसतं. भीती मात्र जात नाही. त्याऐवजी आधी धीर द्या, जवळ घ्या. मग आपल्याला काय वाटतं ते ‘मला वाटतं’ म्हणून सांगा, आणि विचारा, ‘आजोबांची आठवण येते तेव्हा तुला काय वाटतं?’ मूल नुकत्याच झालेल्या दुःखात असेल, तर चर्चा राहू द्या. तेव्हा सोबतच पुरेशी.

दुसरे अवघड प्रश्न न्यायाचे. “दादा खेळतो, मग भांडी मीच का घासायची?” “त्यांच्या घरचं पाणी का प्यायचं नाही?” इथे ‘पद्धत आहे’ हे कारण होत नाही, हे मुलाला आपल्याआधी दिसलेलं असतं. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, तेही अशाच एका ‘का?’चं उत्तर मिळत नव्हतं म्हणून. मुलाला विचार करायला शिकवायचं, तर कधीतरी घराची पद्धत बदलावी लागेल, ही तयारी हवी.

म्हणजे मुलांनी प्रत्येक गोष्टीत वाद घालायचा?

नाही. गरम तव्याला हात लावायचा नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही, हे चर्चेचे विषय नाहीत. आधी ऐकायचं, कारण नंतर विचारायचं, असा नियम ठेवता येतो. पण मग ‘नंतर’ खरंच यायला हवं.

याने मार्क वाढतात का?

त्यासाठी करू नका. इंग्लंडमध्ये ४८ प्राथमिक शाळांत झालेल्या चाचणीचा अहवाल २०१५ साली आला. त्यात वाचन-गणितात थोडी जास्त प्रगती दिसली. २०२१ साली आलेल्या मोठ्या चाचणीत मात्र वाचनात तसा फरक आढळला नाही.

फायदा वेगळा आणि साधा आहे. ज्याला घरात ‘काबर?’ विचारता येतं आणि त्याचं उत्तर कुणीतरी ऐकून घेतं, ते मूल पुढे व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजलाही तोच प्रश्न विचारू शकतं. आणि काही त्रास झाला, मनात भीती बसली, तर ते घरी येऊन बोलण्याची शक्यता वाढते.

आज रात्री जेवताना एकच प्रश्न टाकून बघा: पाणी नसलेली नदी, नदीच का? उत्तर सांगू नका.