चीक, गुटी आणि मधुमेह

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भीमाशंकरच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेल्या कशेळे गावाभोवतीच्या वाड्यांत प्रामुख्याने ठाकूर आणि कातकरी या आदिवासी जमातींची वस्ती आहे. मूल अंगावर पाजणे हा या पट्ट्यात कधीच चर्चेचा विषय नव्हता. डब्यातल्या दुधाला पैसा लागतो आणि तो येथे नव्हता. त्यामुळे या प्रथेचा इतिहास लिहायचा तर आई मुलाला पाजत होती की नाही हा प्रश्न फारसा कामाचा नाही. ती कधी पाजू लागे आणि तिचे पाजणे कोठे तुटे, हे पाहावे लागते.

पहिला खंड अगदी आरंभी पडे. बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. ते बाळाला पचत नाही अशा समजुतीने महाराष्ट्रातील अनेक घरांत ते पिळून टाकले जाई आणि तोवर बाळाला मध, गुळाचे पाणी किंवा वरचे दूध बोटाने चाटवले जाई. या समजुतीला ग्रंथांचाही आधार होता, कारण सुश्रुतसंहितेत प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या रात्री दूध उतरते असे सांगून आधीच्या दिवसांसाठी मध-तुपाचे चाटण सुचवले आहे. गायीम्हशीच्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी कौतुकाने वाटणाऱ्या समाजाने आईचा चीक मात्र अपायकारक मानावा, ही विसंगती कोणाला खटकल्याचे दिसत नाही. चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात, आणि बाळ जितक्या लवकर व जितक्या वेळा ओढते तितके दूध चांगले उतरते, हे आधुनिक वैद्यकाने पुढे सिद्ध केले.

चिकानंतर येई ती बाळगुटी. सहाणेवर थेंबभर दूध घालून बाळहिरडा, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ अशा जिनसा उगाळायच्या, प्रत्येकीचे वळसे मोजायचे आणि बाळाच्या वयाबरोबर ते वाढवायचे, असा या गुटीचा रिवाज होता. जायफळाचा एक वळसा जास्त झाला तर बाळ गुंगून पडते हे घरातल्या म्हातारीला ठाऊक असे. मात्र सहाण स्वच्छ नसेल तर गुटीतून जुलाब येत, आणि या धोक्याची मोजणी वळशांत होत नसे.

दुसरा खंड मजुरीने पाडला, आणि तो अधिक खोल होता. मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेलेल्या बायका पाळीवर जाताना तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन निजवत. मुंबई प्रांताने १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा केला, आणि त्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये विधिमंडळात पाठिंबा दिला होता. तथापि तो कारखान्यांतील स्त्रियांपुरता होता. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणारे आणि पावसाच्या तोंडाशी वाडीवर परतणारे कातकरी कुटुंब त्या कायद्याच्या कक्षेत आलेच नाही. भट्टीवर आई चिखलात विटा थापते, तान्हे मूल जवळच साडीच्या झोळीत असते आणि पाजण्याची वेळ बाळाच्या रडण्यापेक्षा विटांच्या हिशेबावर ठरते. १९९२ च्या शिशुदुग्धपर्याय कायद्याने बाळाच्या दुधाच्या डब्यांच्या जाहिरातींना आळा घातला खरा, पण भट्टीवरच्या आईला जाहिरातीने कधी भुलवलेच नव्हते.

मधुमेहाचा प्रश्न या इतिहासात फार उशिरा आला. येथे अभिप्रेत असलेला मधुमेह दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे शरीर इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि पुढे इन्शुलिनही अपुरे पडते असा, बहुधा प्रौढपणी दिसणारा विकार होय. अमेरिकेतील पिमा आदिवासींमध्ये हा विकार अतिशय आढळतो. त्यांच्यातील १० ते ३९ वर्षे वयाच्या ७२० व्यक्तींच्या अभ्यासात, पहिले दोन महिने केवळ आईच्या दुधावर वाढलेल्यांत मधुमेह कमी असल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झाले. गायीच्या दुधात आईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट प्रथिने असतात आणि वरच्या दुधावर बाळाचे वजन भराभर वाढते, हे याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते. मात्र बेलारूसमध्ये १९९६-९७ साली सतरा हजारांवर माता-बालकांना घेऊन सुरू झालेल्या प्रयोगात स्तनपानाला विशेष उत्तेजन मिळालेल्या गटातील मुले साडेअकरा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या लठ्ठपणात वा उपाशीपोटीच्या रक्तशर्करेत फरक आढळला नाही. तेव्हा आईचे दूध मधुमेहावरचे कवच आहे असे ठामपणे म्हणणे पुराव्याच्या पुढे धावणे ठरते. त्याची खरी थोरवी जुलाब आणि संसर्गापासून मिळणाऱ्या संरक्षणात आहे.

महाराष्ट्रापुरता अधिक मोलाचा धागा पुण्यात सापडतो. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा गावांत गर्भारपणापासूनच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. तरीही रोडक्या दिसणाऱ्या या बाळांच्या अंगात स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानाने टिकून होती. मोठेपणीही हा फरक कसा राहतो हे याज्ञिकांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण देऊन दाखवले: त्यांचा आणि ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. गर्भात उपाशी वाढलेले मूल पुढे शहराच्या सावलीत आले, हालचाल घटली आणि खाणे वाढले, की त्याला मधुमेहाची वाट मोकळी होते, असे या अभ्यासातून पुढे आलेले सूत्र आहे. याच अभ्यासात, गर्भारपणी हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार खाणाऱ्या बायकांची बाळे मोठी, तर कष्टाची कामे अधिक करणाऱ्यांची लहान जन्मल्याचेही आढळले.

येथे कशेळ्याचा संबंध पुन्हा जुळतो, कारण दूध अंगावरचे असले तरी ते ज्या अंगातून येते त्या अंगाचा भार कोणी मोजला नव्हता. या भागात आषाढ-श्रावणात टाकळा, कुर्डू, लोत अशा रानभाज्या उदंड मिळतात, परंतु त्याच दिवसांत घरातले धान्य संपलेले असते आणि लावणीचे वाकून करायचे काम ऐन भरात असते. ही कोंडी जुनी आहे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले माथेरानचे भाई कोतवाल यांनी या परिसरात सावकारीला पर्याय म्हणून धान्यकोठीचा प्रयोग केला होता; पुढे कशेळे येथील अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने वाड्यावाड्यांत धान्यबँका उभ्या केल्या. पावसाळ्यात धान्य उचलायचे आणि पीक हाती आल्यावर थोड्या वाढीने परत भरायचे, अशी या बँकांची रीत. त्यांच्या हिशेबात मधुमेहाचा उल्लेख कोठेच नव्हता. लावणीच्या दिवसांत गर्भार बाईच्या ताटात भाकरी पडते की नाही, एवढ्याचाच तो हिशेब होता.