कादंबरीचे हौशी परीक्षक

१८६८ सालीं नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेंत लेखकानें आपली एक अडचण मोकळ्या मनानें सांगितली आहे. आम्हां हिंदूंच्या विवाहाच्या चालींमुळें आणि इतर कांहीं कारणांनीं आमच्या आयुष्यांत मन ओढून घेतील असे गुणहि नसतात आणि दोषहि नसतात. रोज अनुभवास येतें तेंच लिहिलें तर वाचक त्यांत रमणार नाहीं. म्हणून करमणुकीचें पुस्तक लिहावयाचें तर अद्भुताची कास धरल्यावांचून गत्यंतर नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ आहे.

या तक्रारीला आज हसणें सोपें आहे. पण त्या काळच्या पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांत डोकावून पाहिलें म्हणजे रिसबुडांची अडचण अगदींच लटकी नव्हती असें दिसतें. मुलीचें लग्न आठव्या-नवव्या वर्षीं होई. वधूवरांची निवड वडील माणसें करीत. चारचौघांदेखत नवराबायकोनें एकमेकांशीं बोलणें हाहि मर्यादाभंग समजला जाई. ज्या प्रियाराधनावर इंग्रजी कादंबरीचा सारा डोलारा उभा असतो, त्याला या घरांत जागाच नव्हती. मग कथा आणावयाची कोठून? अर्थात् पुराणांतून, संस्कृत कथांतून, अरबी गोष्टींतून. आणि नायक-नायिका घ्यावयाच्या त्या राजवाड्यांतल्या. आपल्या ओसरीवर आणि माजघरांत जें घडतें तें कादंबरीला पुरेल कीं नाहीं, हा खरा वाद होता. त्याचा निकाल पुढें एका कादंबरीकारानें लावला, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच्या आधीं आणि नंतरहि हा वाद जागता ठेवला तो कादंबऱ्या वाचून त्यांवर फावल्या वेळीं लिहिणाऱ्या मंडळींनीं. कोणी शाळामास्तर होता, कोणी वकील, कोणी जुन्या दप्तरांच्या शोधांत गांवोगांव हिंडणारा. कादंबरीचें परीक्षण हा यांतल्या कोणाचाहि पोटाचा धंदा नव्हता.

त्या वेळच्या वाचकापुढें पुस्तकें तरी कितीशीं होतीं? लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं आली आणि पुष्कळांच्या आवडीची झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मराठींत आणलेल्या अरबी गोष्टी घरोघर पोंचल्या होत्या. खरें म्हणजे रिसबुडांच्या तक्रारीला त्यांच्या प्रस्तावनेपूर्वीं अकरा वर्षें उत्तर छापून झालें होतें. बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचें. त्यांत राजपुत्र नाहीं, जादू नाहीं. आहेत त्या घरोघरच्या विधवा आणि त्यांचे हाल. पण लेखक ख्रिस्ती झालेला आणि पुस्तकाचा रोख धर्मोपदेशाकडे. तेव्हां ज्या घरांतलें दुःख त्यांत लिहिलें होतें, त्या घरांनीं तें आपलें म्हणून वाचण्याचा संभव फारच थोडा होता. आपलें चित्र परक्याच्या हातून आलेलें कोणास आवडतें?

१८६७ हें वर्ष या कथेंत दोन कारणांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारांत दाखल कराव्या लागूं लागल्या, आणि दर तीन महिन्यांनीं निघणाऱ्या सरकारी यादींत पुस्तकाच्या नांवापुढें त्याविषयीं दोन शब्दांचा शेराहि पडूं लागला. अशा रीतीनें नव्या मराठी पुस्तकाला एक पगारी वाचक कायद्यानेंच मिळाला! त्याच वर्षीं ‘विविधज्ञानविस्तार’ हें मासिक निघालें. तें चालविण्यांत रामचंद्र भिकाजी गुंजीकर पुढें होते. १८७१ पासून त्यांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी याच मासिकांतून क्रमशः येऊं लागली. ज्या मासिकांत कादंबरी छापावयाची त्याच मासिकांत दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांची झडतीहि घ्यावयाची, अशी ही व्यवस्था होती. आणि ती मराठींत पुढें चांगली रुजली. ग्रंथकार आपलें पुस्तक ‘अभिप्रायार्थ’ पाठवी, आणि परीक्षकाच्या पदरीं पडे ती बहुधा तेवढी एक प्रत.

अशा पुस्तकांचा प्रवास वाचनालयांतून होई. पुण्याची नेटिव जनरल लायब्ररी १८४८ मध्यें स्थापन झाली होती, कोल्हापूरचें वाचनालय १८५० मध्यें. ज्यांना पुस्तक विकत घेणें परवडत नसे ते वर्गणी भरून तें घरीं आणीत. घरांत एकानें मोठ्यानें वाचावें आणि बाकीच्यांनीं हातांतलें काम करतां करतां ऐकावें, हीहि रीत होतीच. ज्यांस अक्षर येत नव्हतें त्यांनाहि अशा रीतीनें ‘मुक्तामाला’ ठाऊक होई. मात्र वाचलेल्याविषयीं मत देण्याचा अधिकार कोणाचा, हें अजून ठरावयाचें होतें.

तो अधिकार बजावण्याचा पहिला मोठा यत्न काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा. १८७२ सालचा त्यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ आज फारसा कोणी उघडीत नाहीं. पण मराठी कादंबरीचा स्वतंत्रपणें विचार करणारें इतकें जुनें लिखाण दुसरें क्वचितच सांपडेल. तोंवर छापून निघालेल्या कादंबऱ्या समोर ठेवून मराठ्यांनीं विचारलें तें इतकेंच, कीं हें असें जगांत घडतें काय? माणसें अशीं वागतात काय? प्रश्न साधा, पण रिसबुडांच्या प्रस्तावनेनें ज्या दाराला कडी घातली होती, तें या प्रश्नानें किलकिलें झालें. निबंधाच्या नांवांतला ‘नावल’ हा शब्दहि पाहण्यासारखा आहे. त्या प्रकाराला मराठींत अजून नीट नांव बसलें नव्हतें. गुजरातीनें पुढें ‘नवलकथा’ म्हटलें, बंगालीनें आणि हिंदीनें ‘उपन्यास’. मराठीनें मात्र बाणभट्टाच्या नायिकेचें नांव उचलून सगळ्या जातीलाच दिलें. कानडीचा अपवाद सोडला तर असें दुसऱ्या कोणीं केलेलें दिसत नाहीं. अद्भुतावर वाढलेल्या प्रकाराला हें नांव शोभलेंहि. तो पुढें अद्भुत सोडून देईल याची कल्पना नांव ठेवणाऱ्यांस नव्हती.

मराठ्यांच्या निबंधानंतर दोन वर्षांनीं, जानेवारी १८७४ मध्यें, सरकारी शाळेंतील तेवीस वर्षांच्या एका शिक्षकानें ‘निबंधमाला’ सुरू केली. शाळा सांभाळून, बहुतेक एकट्याच्या लेखणीवर, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं तिचे चौऱ्यायशीं अंक काढले. मध्यंतरीं रत्नागिरीस बदली झाली तरी माला थांबली नाहीं. ग्रंथावर टीका कां करावी, ती करणाऱ्याजवळ काय असावें, वाचावें कसें, या गोष्टींवर मराठींत सविस्तर लिहून त्यांनीं परीक्षणाला एक प्रतिष्ठा आणून दिली. वाईट पुस्तकाला वाईट म्हणणें हा द्वेष नव्हे, तें वाचकाच्या वतीनें केलेलें काम आहे, ही समजूत रुजली ती मुख्यतः त्यांच्यामुळें. तथापि याच लेखणीनें जोतीराव फुले यांच्या ग्रंथांची जी हेटाळणी केली, तींत परीक्षणापेक्षां जातीचा ताठाच अधिक दिसतो. व्याकरणाच्या चुका मोजणाऱ्याला ग्रंथांतली वेदना दिसली नाहीं. फावल्या वेळच्या परीक्षकाचा हा दोष मोठ्या माणसांतहि होता, हें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं.

विष्णुशास्त्र्यांनीं १८८० मध्यें काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें हरि नारायण आपटे नांवाचा एक विद्यार्थी होता. त्याच शाळेंत गोपाळ गणेश आगरकर शिकवीत. आगरकरांनीं ‘हॅम्लेट’चें ‘विकारविलसित’ या नांवानें केलेलें भाषांतर १८८३ मध्यें प्रसिद्ध झालें, तेव्हां या विद्यार्थ्यानें त्यावर भलीमोठी टीका लिहून ‘निबंधचंद्रिके’त छापविली. गुरूच्या पुस्तकाची अशी जाहीर तपासणी करण्याचें धाडस आजच्याहि विद्यार्थ्यास क्वचितच होईल. हरिभाऊंची स्वतःची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ १८८५ पासून ‘पुणेंवैभव’ पत्रांत येऊं लागली. म्हणजे मराठींतला पहिला मोठा कादंबरीकार आधीं परीक्षक होता. दुसऱ्याच्या पुस्तकांत खऱ्याखोट्याची निवड करण्याची जी संवय त्याला लागली होती, ती त्याच्या स्वतःच्या लेखणीलाहि सोडीना. पुढेंहि कादंबरीलेखन हा त्याचा चरितार्थ नव्हता. आनंदाश्रमांतून निघणाऱ्या संस्कृत ग्रंथांची व्यवस्था पाहणें हें त्याचें नित्याचें काम.

१८९० मध्यें हरिभाऊंनीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें आणि त्यांतून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ येऊं लागली. यमू नांवाची एक बाई आपलें आयुष्य सांगते: माहेर, लग्न, सासर, नवऱ्याजवळ लिहावाचावयास शिकणें, आणि शेवटीं वैधव्य. ज्या विवाहपद्धतीमुळें आमच्यापाशीं गोष्टच उरली नाहीं असें रिसबूड म्हणत होते, त्याच विवाहपद्धतींत ही गोष्ट होती. प्रियाराधन नव्हतें हें खरें. पण नऊ वर्षांच्या मुलीला परक्या घरांत नेऊन ठेवल्यावर तिच्या मनांत काय चालतें, हें कोणीं विचारलें होतें? बावीस वर्षांचा वाद येथें निकालांत निघाला.

निकाल लागला तरी परीक्षकांचें काम संपलें नाहीं. १९०२ सालीं ‘ग्रंथमाला’ मासिकांत ‘कादंबरी’ या नांवाचा एक दीर्घ निबंध आला. लिहिणारे विश्वनाथ काशीनाथ राजवाडे. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्यें प्रसिद्ध करून ते एव्हांना नांवारूपास आले होते. ज्या माणसानें कसर लागलेल्या दप्तरांवर डोळे झिजवावे त्यानें कादंबऱ्यांसाठीं इतका वेळ काढावा, याचें पुष्कळांस नवल वाटतें. वस्तुतः त्यांत नवल नाहीं. राजवाडे कॉलेजांत असल्यापासून अधाशी वाचक. ह्यूगो, झोला, टॉलस्टॉय यांच्या मापानें मोजल्यावर मराठी कादंबऱ्यांचा ढीग त्यांना हलका वाटला आणि त्यांनीं तसें स्पष्ट लिहिलें. अद्भुत आणि वास्तव यांचा भेदहि त्यांनीं सविस्तर मांडला. त्यांच्या कठोरपणाबद्दल मतभेद होतील. पण मराठी कादंबरीला जगाच्या पंक्तीस बसवून मग तिची उंची पाहावी, ही दृष्टि त्यांची होती, आणि ती घरच्या कौतुकापेक्षां उपयोगाची ठरली.

वऱ्हाडांत खामगांव आणि जळगांव-जामोद येथें वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे याच वर्गातले. ‘विविधज्ञानविस्तारां’तील नाट्यपरीक्षणानें त्यांचें नांव प्रथम पुढें आलें. एकेक मुद्दा काढावा, त्यावर साक्षीपुरावा घ्यावा आणि मग निवाडा द्यावा, या त्यांच्या पद्धतींत वकिली डोकावते खरी. कधीं कधीं ती कंटाळवाणीहि होते. तरी पुण्या-मुंबईपासून इतक्या दूर बसलेल्या माणसाच्या मताची ग्रंथकारांनीं वाट पाहावी, हें मासिकांच्या टपालाचें सामर्थ्य होतें.

या सर्वांच्या हातीं कोणतें ना कोणतें मासिक होतें. ज्यांच्याविषयीं कादंबरी लिहिली जात होती त्या माजघरांतल्या वाचकांपाशीं तें नव्हतें. त्यांतून एक बाई पुढें आली, तिची हकीकत थोडी मागें जाऊन सांगितली पाहिजे. काशीबाई कानिटकर यांचा जन्म १८६१ चा. नवव्या वर्षीं लग्न झालें तेव्हां त्यांस अक्षरओळख नव्हती. पति गोविंद वासुदेव कानिटकर हे इंग्रजी विद्येचे आणि काव्याचे भोक्ते. बायकोनें शिकावें ही त्यांची इच्छा. घरांतल्या बायकांस मात्र सुनेच्या हातांतलें पुस्तक खपत नसे. टोमणे, थट्टा, कुचेष्टा सोसून, कामांतून सवड काढून, चोरून काशीबाई वाचावयास शिकल्या. पुढें पति न्यायखात्यांत अधिकारी झाले, घरीं ग्रंथ आणि ग्रंथकार येऊं लागले, आणि काशीबाईंनीं स्वतःहि लेखणी उचलली. ‘रंगराव’ ही कादंबरी आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र हीं त्यांचींच.

हरिभाऊंचा या कुटुंबाशीं स्नेह जडला. काशीबाईंशीं त्यांचा पत्रव्यवहार वाढला आणि आपल्या लेखनाविषयीं ते त्यांच्याशीं मोकळेपणानें बोलूं लागले. यमूचें मन लिहूं पाहणाऱ्या पुरुषाला असा वाचक दुसरा कोठें मिळणार होता? नवऱ्याच्या हट्टामुळें पाटी हातीं घेतलेली, घरच्या बायकांचे शब्द ऐकून घेतलेली बाई त्याच्या पानांवर मत देत होती. खरें काय आणि खोटें काय हें तिला ग्रंथांवरून ठरवावें लागत नव्हतें. मराठ्यांनीं १८७२ मध्यें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देण्यास तिच्याहून लायक माणूस त्या पिढींत क्वचितच असेल. पण तिचा अभिप्राय मासिकांत न जातां टपालाच्या लिफाफ्यांतून गेला.

१९१९ सालीं हरिभाऊ वारले. त्यांनंतर काशीबाईंनीं जपून ठेवलेलीं त्यांचीं पत्रें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. त्या पुस्तकांत आहेत तीं हरिभाऊंचीं पत्रें. काशीबाईंनीं त्यांना काय काय लिहिलें असेल, तें वाचकानें त्यांच्या उत्तरांवरून जुळवून घ्यावयाचें आहे.