पसरणी घाटाच्या वरचा पियानो

कल्याण मागे टाकून पुण्याकडे निघालेली आगगाडी थोड्याच वेळात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही आपली तिन्ही गावे ओलांडून जाते. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या येथे थांबत नाहीत. त्यांतले उतारू खिडकीतून पाहतात आणि विसरतात. १९५५च्या सुमारास या रुळांवरून जाताना कल्याणच्या जुन्या लष्करी छावणीतल्या बराकी दिसत. त्यांत सिंधमधून घरदार सोडून आलेली सुमारे लाखभर माणसे राहत होती. १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी ‘कॅम्प’ हाच शब्द राहिला. मुंबईहून पाचगणीच्या शाळांत जाणाऱ्या मुलांचा रस्ता हाच होता: आगगाडीने पुणे आणि तेथून मोटारीने वाईमार्गे वर. त्या वर्षांत या वाटेने जाणाऱ्या मुलांत फरोख बलसारा नावाचा एक पारशी मुलगाही होता. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. ज्यांचे सामान रातोरात बांधले गेले अशा माणसांच्या वस्तीवरून जाताना, नऊएक वर्षांनी आपल्याही घरावर तीच वेळ येणार आहे हे त्याला कोठून ठाऊक असणार?

फरोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये झाला. वडील बोमी तेथील उच्च न्यायालयात रोखपाल. इंग्रज सरकारची नोकरी. आईचे नाव जेर. बलसारा हे आडनाव बलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले. आज ते गाव गुजरातेत आहे. परंतु हा मुलगा पाचगणीला आला तेव्हा बलसार, पाचगणी आणि आपले उल्हासनगर ही सारी एकाच मुंबई राज्यात होती. तेव्हा आई-वडिलांच्या दृष्टीने त्यांनी मुलाला परदेशी पाठवले नव्हते, आपल्या मुलखात परत पाठवले होते. अर्थात आठ वर्षांच्या मुलाला मुलखाचा हिशेब काय कळणार! त्याला कळले असेल ते इतकेच, की आई समुद्रापलीकडे आहे आणि सुट्टीत जायचे ते मुंबईतल्या नातलगांकडे.

पाचगणी हे गाव म्हणजे एक नवलच. सह्याद्रीच्या माथ्यावर, दांडेघर, खिंगर, गोडवली, अमरळ आणि ताईघाट या पाच गावांच्या मध्ये, एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने ते वसवले. हवा थंड, पाऊस महाबळेश्वरापेक्षा पुष्कळ कमी. मग इंग्रजांच्या, पारशांच्या, मुसलमानांच्या निवासी शाळा तेथे उभ्या राहिल्या. सेंट पीटर्स ही त्यांपैकीच एक. चर्च, क्रिकेट, मुष्टियुद्ध, समूहगान आणि कडक घंटा असा सारा इंग्रजी शाळांचा सरंजाम तेथे होता. फरोख तेथे टेबल टेनिसमध्ये चमकला, १९५८ साली अष्टपैलू विद्यार्थ्याचे पारितोषिकही त्याने मिळवले. वरच्या दातांच्या मागे चार दात जादा असल्यामुळे पुढचे दात पुढे आलेले. त्यावरून पोरांनी त्याला चिडवायचे नाव ठेवले. फरोख हे नाव उच्चारायला अडचण म्हणून मित्रांनी आणि शिक्षकांनी त्याचे ‘फ्रेडी’ केले. पुढे घरच्यांनीही तेच स्वीकारले. ज्या नावाचा जयजयकार लाखो लोकांनी केला, त्याचा पहिला अर्धा भाग सातारा जिल्ह्यात पडलेला आहे.

परंतु सातारा जिल्हा आणि ती शाळा यांच्यात एक घाट होता, आणि तो नुसता दगडमातीचा नव्हता. वाईहून वर चढताना पायथ्याशी पसरणी लागते. हे शाहीर साबळ्यांचे गाव. त्यांचा जन्म १९२३चा. डफ, तुणतुणे, गोंधळ, भारूड यांचे जे भांडार शाहिरांनी पुढे रंगभूमीवर आणले, त्याचे मूळ या खालच्या मुलखात. वर, काही मैलांवर, समूहगान आणि पियानो. एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू जाण्याचे कारणच नव्हते. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्रासाठी हजारो लोक वाईच्या परिसरात आणि घाटात काळी निशाणे घेऊन उभे होते. त्या वेळी फरोख अकरा वर्षांचा होता. महाराष्ट्राच्या इतिहासातला एवढा मोठा दिवस त्या शाळेच्या दारावरून गेला. तरी त्याच्या चरित्रकारांना त्याचा पत्ताही नसतो, आणि आपल्या चळवळीच्या इतिहासकारांना त्या शाळेचा नसतो. दोघांनाही दोष देण्यात अर्थ नाही. ते घाटाच्या दोन बाजूंना बसून लिहितात.

आता रॉक अँड रोल तेथे पोहोचले कसे? हे संगीत मूळचे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या काळ्या लोकांचे. त्यांच्या ब्लूजमधून आणि चर्चमधल्या गाण्यातून निघालेले. १९५५-५६मध्ये बिल हेली, एल्विस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांच्या ध्वनिमुद्रिकांनी ते जगभर नेले. आपल्याकडे त्याच सुमारास नभोवाणी मंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांनाच जवळजवळ हद्दपार केले होते, तेथे रॉक अँड रोलला कोण विचारणार! परंतु हवेला पहारा बसवता येत नाही. लोकांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. त्याच काळात, १९५७ साली, पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, ‘आशा’ चित्रपटात किशोरकुमारकडून ‘ईना मीना डीका’ गाऊन घेतले आणि नवा ठेका घराघरांत पोहोचवला. तेव्हा रॉक अँड रोल महाराष्ट्रात दोन वाटांनी आले असे म्हणावे लागते. एक वाट मुंबईच्या चित्रपटगृहांतली, गोमंतकीय वादकांच्या हातांवरून आलेली. दुसरी पाचगणीच्या वसतिगृहातली.

या दुसऱ्या वाटेवर १९५८ साली पाच शाळकरी मुलांनी एक वाद्यवृंद काढला. नाव ‘द हेक्टिक्स’. ब्रूस मरे गाई, डेरिक ब्रँच गिटार वाजवी, व्हिक्टरी राणा ड्रम बडवी. फरंग इराणी याने चहाच्या लाकडी खोक्याला काठी आणि दोरी बांधून खर्जाचे वाद्य बनवले होते. पियानोवर फ्रेडी. मागे राहून साथीचे स्वर लावण्याचे कामही त्याचेच. शाळेच्या समारंभांत त्यांचा कार्यक्रम होई, आणि किमिन्स या मुलींच्या शाळेतल्या श्रोत्या किंचाळत, असे त्या मुलांनीच मोठेपणी हसत सांगितले आहे. गाणी अर्थात उसनी. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची. एकदा ऐकलेली चाल फ्रेडी तशीच्या तशी पियानोवर काढी, ही गोष्ट त्या वेळच्या सोबत्यांनी पुनःपुन्हा सांगितली आहे.

मला यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की पुढे जो मुख्य गायक म्हणून गाजला, तो येथे मुख्य गायक नव्हता. पुढे उभे राहून टाळ्या घेणारा दुसरा होता. हा बाजूला बसून सगळ्यांचे सूर एकमेकांत कसे बसतात ते पाहत होता. दुसरी गोष्ट पियानोची. एल्विसच्या गळ्यातली गिटार पाहून जगातली पोरे गिटारकडे धावली. पण लिटल रिचर्ड आणि फॅट्स डॉमिनो हे दोघेही पियानोवाले होते. शाळेच्या मुख्याध्यापकांनी आई-वडिलांना कळवून त्याच्यासाठी संगीताची खास शिकवणी सुरू केली होती, आणि पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंत तो परीक्षा उत्तीर्ण झाला होता. चर्चचे समूहगान, परीक्षेचा पियानो आणि रेडिओवरचा धिंगाणा ही तिन्ही एकाच मुलात एकाच वेळी मुरत होती. १९७५ साली निघालेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ज्यांनी ऐकले आहे त्यांना ही तिन्ही तेथे एकामागून एक भेटतील. जवळजवळ सहा मिनिटांचे ते गाणे. मध्येच ऑपेरा, मध्येच दणदणाट, आणि तिघांच्या गळ्यांतून एकावर एक चढवलेले असंख्य स्वर. इतके लांब गाणे नभोवाणीवर चालणार नाही असे जाणकारांचे मत पडले होते. ते इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

लता मंगेशकरांच्या गाण्याचा त्याच्यावर संस्कार झाला, असेही इंग्रजी लेखांत वाचायला मिळते. आपल्याला ते गोड वाटते. त्याच्या गाण्यात मात्र मला तो संस्कार ऐकू येत नाही, आणि केवळ अभिमानासाठी तो ऐकू येतो असे म्हणणे बरे नव्हे. पाचगणीचा वाटा एवढा मोठा आहे, की त्याला उसने दागिने घालण्याची गरज नाही.

शाळा सुटली, अभ्यास शेवटी-शेवटी पार मागे पडला होता. १९६३च्या सुमारास तो झांझिबारला परतला. त्याच वर्षी डिसेंबरात ते बेट स्वतंत्र झाले, आणि १२ जानेवारी १९६४ रोजी क्रांती झाली. अरब आणि हिंदी लोकांची कत्तल व लूट झाली. बलसारा कुटुंब हाताला लागेल ते घेऊन इंग्लंडात गेले आणि लंडनजवळच्या फेल्टम येथे एका साध्या घरात राहू लागले. मुलगा सतरा वर्षांचा. पुढची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे: ईलिंगच्या कलाशाळेची १९६९ची पदविका, विमानतळावरची हमाली, केन्सिंग्टनच्या बाजारातले जुन्या कपड्यांचे दुकान, आणि १९७० साली ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्याबरोबर ‘क्वीन’ची स्थापना. जॉन डीकन दुसऱ्या वर्षी आला. संघाचे बोधचिन्ह फ्रेडीनेच रेखाटले. त्याच सुमारास बलसारा गळून पडले आणि मर्क्युरी आले. मर्क्युरी म्हणजे बुध, आणि पाराही.

यानंतर पाचगणीचे नाव त्याच्या तोंडून क्वचितच येई. निवासी शाळेने मला स्वतःच्या पायावर उभे राहायला शिकवले, अशा अर्थाचे तो सांगे. पण ती शाळा कोठे होती, भोवती कोणती माणसे होती, याविषयी फारसे नाही. यावरून त्याला ‘मूळ विसरलेला’ म्हणणे सोपे आहे. पण १९६८ साली इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध भाषण केले आणि त्यांच्या समर्थनार्थ लंडनचे गोदी कामगार रस्त्यावर आले, तेव्हा हा मुलगा तेथेच एकवीस वर्षांचा होता. हुसकावलेल्या माणसाला नवे लेबल लावून बाजारात उभे राहावे लागते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. उल्हासनगरच्या मालावरच्या ‘मेड इन यू. एस. ए.’ची थट्टा आपण सगळ्यांनी केली आहे, ‘यू. एस. ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा तिचा उलगडा. त्या थट्टेच्या मागे पोट होते. मर्क्युरीच्या मागेही काही तसेच असावे.

एक गोष्ट मात्र मला त्याच्या बाजूने मांडता येत नाही. १९८४ साली, वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर जगाने सांस्कृतिक बहिष्कार घातला असताना, ‘क्वीन’ने सन सिटी येथे जाऊन कार्यक्रम केले. ब्रिटिश वादकांच्या संघटनेने त्यांना दंड केला, राष्ट्रसंघाच्या काळ्या यादीत त्यांचे नाव गेले. ज्या भूमीवर गांधीजींना आगगाडीतून उतरवले गेले तेथे एका झांझिबारच्या पारशाने गाण्यासाठी जावे, हे बोचते. पुढच्याच वर्षी, १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियाच्या दुष्काळासाठी वेम्बलीवर झालेल्या ‘लाइव्ह एड’मध्ये त्याने वीसेक मिनिटांत सत्तर हजारांवर श्रोत्यांना मुठीत घेतले, आणि लोक सन सिटी विसरले. आजही त्या वीस मिनिटांचीच आठवण निघते.

त्याचे पुरुषांवर प्रेम होते. ते त्याने उघड कधी सांगितले नाही. एड्स झाल्याचेही त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. वय पंचेचाळीस. अंत्यविधी पारशी दस्तुरांनी अवेस्तातल्या प्रार्थना म्हणून केले. आयुष्यभर ज्याविषयी तो बोलला नाही, ते शेवटी आई-वडिलांच्या हाताने त्याच्याजवळ आले.

त्यानंतर त्याच्या खुणा ठिकठिकाणी उभ्या राहिल्या. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो येथे १९९६ साली पुतळा झाला. फेल्टमच्या घरावर २०१६ साली निळी पाटी लागली. झांझिबारमध्ये २००६ साली त्याच्या साठाव्या वाढदिवसाचा समारंभ ठरला, तेव्हा तेथील एका धार्मिक संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. २०१८च्या चित्रपटाने रामी मालेक या नटाला ऑस्कर मिळवून दिले. त्यात पाचगणीचे एकही दृश्य नाही. ‘हेक्टिक्स’मधला डेरिक ब्रँच इंग्लंडात नट झाला. व्हिक्टरी राणा नेपाळी सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमध्ये राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचा सेनापती म्हणून त्याने काम केले. चहाच्या खोक्यावर खर्ज वाजवणारा फरंग इराणी पुण्यात उपाहारगृह चालवी.

२०२३च्या सप्टेंबरात लंडनमध्ये फ्रेडीच्या वस्तूंचा लिलाव झाला. ज्या यामाहा पियानोवर त्याने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ रचले, तो सतरा लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत राज्यगीत झाले. ते गायले होते घाटाखालच्या पसरणीच्या शाहिरांनी.