खोपीचं साल

उंदीर पडायला लागले की गाव उठायचं. सरकारी हुकमाची वाट कुणी बघत नसे. कणगीमागून एखादा उंदीर झिंगत बाहेर आला आणि दिवसाउजेडी अंगणात मरून पडला, की जाणती माणसं त्याच दिवशी माळावर जागा बघायला निघायची. वाई तालुक्यातल्या आमच्या कृष्णाकाठच्या गावात प्लेगाच्या अशा वर्षाला ‘खोपीचं साल’ म्हणत. माझी आजी १९०५च्या सुमाराची. तिनं लहानपणी अशी सालं पाहिली होती, आणि मी विचारलं की ती न कंटाळता सांगायची.

प्लेग मुंबईत मांडवी भागात सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोगाचा कायदा झाला. मार्चपासून पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले. स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, काही सुटलं नाही. आजाऱ्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत, सामान जाळत. त्याच मार्चमध्ये आजाऱ्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगानं गेल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर या मोहिमेचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. हे सगळं शाळेच्या पुस्तकात आहे. खोपींचं मात्र कुठं फारसं येत नाही, म्हणून मला ते लिहावंसं वाटतं.

बाभळीच्या मेढी, वर उसाचं पाचट, बाजूला कडब्याचा आडोसा, की झाली खोप. चूल खोपीपासून लांब मांडायची, कारण माळावरचा वारा आणि वाळलेलं पाचट. एक ठिणगी पडली तर सगळी ओळ जायची. देवांचे टाक टोपलीतून आणायचे. धान्य लागेल तसं गावातल्या पेवातून काढायचं, तेही भर दुपारी, आणि रिकाम्या घरांवर रात्री जागले फिरायचे. पावसाळा सरता सरता बाहेर पडलेलं गाव ऊन तापलं की परतायचं. त्याआधी जमिनी उकरायच्या, शेणानं सारवायच्या, भिंतींना चुना द्यायचा, कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करायची. लग्नंसुद्धा माळावर लागली. आळ्या मात्र तिथंही गावासारख्याच, जातवार पडल्या, हे आजी लपवायची नाही.

तिची धाकटी बहीण माळावरच गेली. जांघेत गाठ आली, ताप चढला. ओळीच्या टोकाला निराळी खोप उभी केली आणि आई तिला घेऊन तिथं राहायला गेली. आजी सात-आठ वर्षांची. ती लांबून भाकरी ठेवायची आणि आई उचलून न्यायची. तिसऱ्या दिवशी आई एकटी परत आली.

रोग पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं १८९८मध्ये कराचीत दाखवलं. आमच्या माळावर हे नाव पोचलं नव्हतं. पण घर सोडलं की उंदीर सुटायचा आणि त्याच्यामागं पिसवाही सुटायच्या. गाव सोडण्याइतका खात्रीचा उपाय त्या वेळी दुसरा नव्हता, आणि तो आमच्या लोकांनी नुसत्या डोळ्यांनी शोधला होता. १९१८ला मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आली तेव्हा मात्र खोपी कामाला आल्या नाहीत. ती माणसाच्या श्वासातून जायची. माळावर गेलं तरी माणूस माणसाजवळच.

मार्च २०२०मध्ये कोरोनाच्या साथीत तोच १८९७चा कायदा पुन्हा लागू झाला, आणि या वेळी हुकूम घरात बसण्याचा होता. २५ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, अख्खा देश बंद झाला. आमच्या पोरांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. मे महिन्यात मुंबईहून आमचीच माणसं यायला लागली. बहुतेक माथाडी, काम थांबलेलं, दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सहा जण कोंडलेली. त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवलं. शाळा भरली तेव्हा उरलेल्यांना रानात पाठवलं. माळावर पुन्हा खोपी उभ्या राहिल्या, या खेपेला निळ्या ताडपत्रीच्या.

वेगळं ठेवणं बरोबरच होतं. मला जाचली ती त्यांच्याशी बोलायची तऱ्हा. प्लेगात सगळं गाव एकदम बाहेर पडलं होतं. बाहेरचा आणि आतला असा भेद त्या वेळी नव्हता. या वेळी ज्यांच्या वर्गणीतून देवळाचा कळस चढला, त्यांनाच वेशीवर ‘कशाला आलात’ असं विचारलं गेलं. मी पंचायतीत जाऊन आजीच्या बहिणीची गोष्ट सांगितली. पुढं आळीवार भाकरीची पाळी लागली, आणि विहिरीच्या मोटारीवरून वायर ओढून फोन चार्ज करायची सोयही एकानं केली. पण तोवर एक आठवडा गेला होता. वेशीवर शिव्या खाल्लेल्यांपैकी काही घरं त्या दिवाळीला गावी आली नाहीत, आणि त्याबद्दल त्यांना दोष द्यायला मी तयार नाही.